मुख्य मालकाचे दायित्व आणि मराठवाड्यातील बिननोंद मजूर

काम ठेकेदारामार्फत करून घेतले, तरी मजुराची मजुरी, सुरक्षितता आणि नोंद यांची अखेरची जबाबदारी ज्याच्या धंद्यासाठी ते काम झाले त्याच्यावर राहते, हे कामगार कायद्यातील एक जुने तत्त्व आहे. मराठवाड्यात त्याची खरी कसोटी लागते ती ऊसतोडीत. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून, शिवाय जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नांदेड, हिंगोली या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटपर्यंत त्या जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की परततात. या मजुरांकडे आधार कार्ड असते, रेशन कार्ड असते, मतदार यादीत नावही असते. ते कोणाकडे कामाला होते, एवढे सांगणारा कागद मात्र नसतो.

भरतीची सुरुवात पावसाळ्यातच होते. घरात पैसा नसतो तेव्हा मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता आणि उचल ठरते ती कोयत्यावर. बदल्यात स्टॅम्पपेपरवर सही किंवा अंगठा घेतला जातो. त्या कागदात मजूर हा मुकादमाचा देणेकरी असतो. कामाचे तास, दर, मुक्कामाची सोय यांचा त्यात उल्लेख सापडणे कठीण. निम्मे काम करणाऱ्या बाईचे नाव तर बहुधा कुठेच येत नाही. हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो आणि फिटला नाही तर पुढच्या हंगामावर चढतो.

वरच्या बाजूला करारांची साखळी असते. कारखाना, किंवा त्याने तोडणी-वाहतुकीसाठी उभी केलेली वेगळी संस्था, वाहतूकदाराशी करार करते, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम टोळीशी. उसाची गाडी वजनकाट्यावर आली की ऊस कोणत्या शेतकऱ्याचा, वाहन कोणाचे, वजन किती याची पक्की पावती निघते. मोळ्या कोणी बांधल्या आणि पहाटे फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, कोण उतरले, याला त्या पावतीत रकाना नाही. आजारपणाने एक दिवस चुकला तर मात्र ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात, म्हणजे हजेरी कुठेतरी ठेवली जातेच.

कारखान्यांचे म्हणणे ठरलेले आहे: ऊस शेतकऱ्याचा, मजूर मुकादमाचे, आम्ही फक्त मध्यस्थ. त्याला एक आधारही आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून (उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून) वजा होतो, त्यामुळे मजुरी शेवटी शेतकरी देतो असे दाखवता येते. पण कोणत्या गटातला ऊस कधी तोडायचा हा कार्यक्रम कारखान्याचा शेती विभाग लावतो. तोडणीचा प्रतिटन दर राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली ती अशाच बैठकीत. दर ठरवायला मालकाच्या खुर्चीत बसायचे आणि अपघात झाला की मध्यस्थ व्हायचे, हा युक्तिवाद टिकू नये असाच आहे. तो टिकतो, कारण त्याला आव्हान देणाऱ्याजवळ पुरावा नसतो.

कायद्यांची कमतरता कधीच नव्हती. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम १२ नुसार (ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे), धंद्याचाच भाग असलेले काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्या मुख्य मालकाकडून मजूर थेट भरपाई मागू शकतो. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने बुडवलेली मजुरी मुख्य मालकावर टाकली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणे गुन्हा ठरवले आणि तशी कर्जे रद्दबातल केली. एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खालील सक्तीची मजुरी मानली आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला सुटता येणार नाही, असेही बजावले.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा आला. त्यात ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च अशा तरतुदी होत्या. त्याची अडचण मराठवाड्यात लगेच दिसत होती. धारूरची टोळी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळला गेली तर ती राज्यातच राहिली, म्हणून हा कायदा लागू नव्हता. तीच टोळी पुढे कर्नाटकातील अथणीला गेली तर लागू. ऊस तोच, कोयता तोच, पाचटाची कोपी, म्हणजे झोपडीही तीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी स्वतःहून परराज्यात जाणाऱ्यालाही व्याख्येत घेतले, पण राज्यांतर्गत स्थलांतर बाहेरच राहिले. शिवाय केंद्रीय कायद्यात कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठी कामगारांची किमान संख्या २० वरून ५० झाली. टोळ्या सुट्या सुट्या दाखवल्या की ही संख्या गाठलीच जात नाही.

तक्रारींचा ओघ बहुतेक खालच्या दिशेने वाहतो. उचल बुडवली म्हणून वाहतूकदार मुकादमावर आणि मुकादम मजुरावर फसवणुकीची तक्रार करतो. मजूर तक्रार करतो ती डांबून ठेवल्याची, आणि तिच्यातही आरोपी मुकादमच असतो. मुकादम अनेकदा त्याच गावचा, कधी भावकीतला, आणि स्वतः कर्जात बुडालेला असतो. केवळ त्याला शिक्षा करून साखळीच्या वरच्या टोकाला काहीच झळ लागत नाही.

बीडमधील गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर खासगी दवाखान्यांवर पूर्वपरवानगीचे बंधन आले. फडावर शौचालय नाही, पाणी नाही आणि पाळीच्या दिवसांतही खाड्याची धास्ती, ही परिस्थिती ज्याच्या कामावर निर्माण होते त्याचे दायित्व त्या चर्चेत मागेच राहिले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये घेण्याचे ठरले, तेवढीच रक्कम सरकारने घालायची. मुलांच्या वसतिगृहांसाठी हा निधी उपयोगाचा आहे. मात्र टनामागे वर्गणी भरणारा कारखाना त्यामुळे मजुराचा मालक ठरत नाही.

मराठवाडा मजूर पाठवतो तसा घेतोही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेशातील मजूर काम करतात. टाळेबंदीत ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातील हे मजूर जालन्याहून रुळावरून चालत भुसावळकडे निघाले होते. ते ठेकेदारामार्फत आलेले असतील तर १९७९ चा कायदा त्यांना लागू होता आणि तो पाळला गेला असता तर त्यांची नावे-गावे सरकारदफ्तरी असायला हवी होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राने लोकसभेत स्थलांतरितांच्या मृत्यूंची आकडेवारी ठेवली नसल्याचे सांगितले. २०२१ चे ई-श्रम पोर्टल ही मजुराने स्वतः करायची नोंद आहे. मालकावर ती काही बांधून घालत नाही. (निवडणुकीत मात्र ऊसतोडीच्या टोळ्यांचे फड अचूक सापडतात आणि गावाकडे न्यायला गाड्याही येतात.)

परदेशी मजूर बेकायदा कामावर ठेवणाऱ्या मालकांसाठी युरोपीय संघाने २००९ मध्ये केलेल्या निर्देशात एक तरतूद लक्ष देण्याजोगी आहे: उलट पुरावा नसेल तर मजुराने किमान तीन महिने काम केले असे गृहीत धरून थकीत वेतन द्यावे लागते, आणि पोटठेकेदाराबरोबर वरच्या ठेकेदारालाही जबाबदार धरता येते. कागद नसल्याचा तोटा तिथे मालकाच्या खात्यात जातो. ऊसतोडीत अशी गृहीतके नाहीत. काम केल्याचे सिद्ध करण्याचे ओझे मजुरावर येते आणि साक्षीदार म्हणून उरते त्याचीच टोळी, जी पुढच्या हंगामासाठी त्याच मुकादमाकडून उचल घेऊन बसलेली असते.

एक वाट मात्र १९२३ च्या भरपाई कायद्यातील १९९५ च्या दुरुस्तीने मोकळी केली आणि ती नव्या संहितेतही कायम आहे. कोल्हापूर किंवा बेळगावच्या फडावर मृत्यू झाला, तरी मजुराच्या वारसाला भरपाईचा दावा तो स्वतः राहतो त्या भागातील, म्हणजे बीडमधील प्राधिकाऱ्यापुढे लावता येतो, आणि त्यात मुकादमाबरोबर कारखान्यालाही प्रतिवादी करता येते.