आत असलेल्या माणसासाठी मोफत वकील: उत्पन्नाचा दाखला लागत नाही

पहाटेची एसटी धरून धडगावहून आलेली एक माय कोर्टाच्या पायरीवर भेटली. पोरगा दोन महिन्यांपासून आत. पिशवीत उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी तीन हेलपाटे, तीन दिवसांची मजुरी बुडाली. आणि तो दाखला तिला लागणारच नव्हता!

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 चं कलम 12 सांगतं: कोठडीतला माणूस, स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची किंवा दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. 3 लाखांची मर्यादा इतरांसाठी. छापील अर्जात रकाना आहे म्हणून दाखला मागतात. तिथे ‘कोठडीत आहे’ एवढंच लिहा. हात जोडायची गरज नाही. 1979 मध्ये ॲड. कपिला हिंगोरानी बिहारच्या कच्च्या (खटला न संपलेल्या) कैद्यांसाठी सर्वोच्च न्यायालयात लढल्या, त्या हुसैनारा खातून प्रकरणापासून हा हक्क आहे, मेहरबानी नाही.

अर्ज जिल्हा किंवा तालुका न्यायालयात, नाहीतर तुरुंगातूनच. फोन 15100. एफआयआरवर नाव जसं आहे तसंच लिहा, आधारवर वेगळं असलं तरी. आणि ‘सरकारी वकील द्या’ म्हणू नका हो, तो तुमच्या विरुद्ध उभा असतो! ‘विधी सेवेचा वकील’ म्हणा.

मुदतीत बरेच चुकतात. गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत पोलिसांचं दोषारोपपत्र कोर्टात आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो; पण दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडीत पाठवलं तेव्हापासून मोजायचे. आपोआप कोणी सोडत नाही. दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज पडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला की हक्क गेला.

खरा अडथळा पुढेच: जामीनदार. त्याचा सातबारा, ऐपतीचा दाखला मागतात. सातपुड्यात कित्येकांकडे फक्त वनपट्टा, म्हणजे वनहक्काने मिळालेली जमीन. ती जमीन विकता येत नाही, मग ऐपत कशी दाखवणार? वकिलाला पहिल्याच दिवशी हे सांगा, म्हणजे तो जातमुचलका (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर सुटका) किंवा रोख जामीन मागेल.

जामीन होऊनही 7 दिवसांत सुटका नसेल तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय. महिना उलटला तर कोर्ट अट सैल करू शकतं. कळवलं का, ते आठव्या दिवशी स्वतः जाऊन विचारा.