फ्रॅक्टल विश्लेषण

एखादी आकृती किंवा मोजमापांची मालिका लहानमोठ्या प्रमाणांवर तपासून तिचा खडबडीतपणा आकड्यात मांडण्याची पद्धत. पाऊस, नदीचा प्रवाह, हृदयाचे ठोके, शेअर बाजार अशा अरेखीय व्यवस्थांच्या अभ्यासात ती वापरतात. अरेखीय म्हणजे कारण दुप्पट झाले म्हणून परिणाम दुप्पटच होईल असे नाही.

मोजपट्टी जितकी आखूड तितकी किनाऱ्याची लांबी वाढते, हे हवामानशास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांना आढळले. गणितज्ञ बेन्वा मॅन्डेलब्रॉ यांनी १९६७ मध्ये त्याचा संबंध अपूर्णांकी मितीशी (रेषेची मिती १, भरलेल्या क्षेत्राची २; ही त्यांच्या मधली) जोडला. ‘फ्रॅक्टल’ हा शब्द त्यांचाच, १९७५ चा. भारताचा ७,५१६ किमीचा किनारा अलीकडे जास्त बारकाईच्या नकाशांवर मोजला, तर ११,०९८ किमी भरला.

गोव्यात वेळसाव ते मोबोर हा वाळूचा पट्टा कोणत्याही पट्टीने मोजा, फारसा फरक पडत नाही. मांडवी नदीतले चोडण बेट घेतले की गोष्ट बदलते: खारफुटीत शिरणारे ओहोळ, त्यांना फुटलेले आणखी बारीक ओहोळ. अशा नकाशावर चौकटींची जाळी टाकून ओहोळ किती चौकटींत सापडतो ते मोजतात, मग चौकट निम्मी करून पुन्हा मोजतात. सरळ रेषेसाठी संख्या दुप्पट होते, भरलेल्या क्षेत्रासाठी चौपट. समजा अडीचपट झाली, तर मिती सुमारे १.३२, कारण २ चा १.३२ वा घात म्हणजे अडीच. खाजनांत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींत, मात्र बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) माणसाने घातलेले. तिथे मिळालेली मिती निव्वळ भरती-ओहोटीची करणी मानू नये.

काळानुसार बदलणाऱ्या नोंदींसाठी हर्स्ट घातांक काढतात. जलशास्त्रज्ञ हॅरल्ड हर्स्ट यांनी नाईलच्या नोंदींवरून १९५१ मध्ये ही रीत मांडली. ०.५ म्हणजे नोंदींना मागची आठवण नाही. त्याहून जास्त असेल तर ओल्या वर्षांमागून ओली वर्षे येण्याकडे कल. मुरगावच्या पाणीपातळीवर ही रीत वापरायची तर सुमारे साडेबारा तासांच्या भरतीचे आवर्तन आधी वजा करावे लागते, पणजीच्या पावसातून वार्षिक ऋतुचक्र. ही पायरी गाळली की आकडा देखणा येतो आणि चुकीचा असतो.

फ्रॅक्टल मिती सापडली म्हणून व्यवस्था अरेखीय ठरत नाही, हा घोटाळा नेहमीचा आहे. रेखीय प्रक्रियेतूनही तसाच आलेख निघू शकतो. म्हणून मूळ मालिकेचा वर्णपट (तिच्यात कोणत्या वारंवारतेच्या लहरींचा वाटा किती) तसाच ठेवून त्या लहरींच्या कला, म्हणजे त्या कुठून सुरू होतात ते, विस्कटलेल्या कृत्रिम मालिका तयार करतात आणि मूळ मालिका त्यांच्याहून वेगळी वागते का ते पाहतात.