भिंतीवर काढलेलं दार, खडकावर रंगवलेला बोगदा

तुरुंगातला लांडगा पेन्सिल काढतो, भिंतीवर दार रेखाटतो, ते उघडतो आणि चालू लागतो. वाळवंटातला कोयोटी, म्हणजे लांडग्यासारखाच एक प्राणी, खडकावर हुबेहूब बोगदा रंगवतो. रोडरनर नावाचा पक्षी त्यातून सुसाट निघून जातो आणि मागून धावलेला कोयोटी मात्र खडकावर आपटतो. पहिला प्रसंग अमेरिकी कार्टून-दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या १९४६ सालच्या 'नॉर्थवेस्ट हाउंडेड पोलीस'मधला, दुसरा तिथलाच दिग्दर्शक चक जोन्सच्या १९४९ सालच्या 'फास्ट अँड फरी-अस'मधला. रोडरनरचं हे पहिलंच कार्टून.

नव्वदच्या दशकात केबलवर असली कार्टून एका बैठकीत पाहिलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे दोन्ही एकाच माणसाचं काम वाटतं. तसं वाटायला कारणही आहे. तिशीच्या दशकात वॉर्नर ब्रदर्समध्ये जोन्स एव्हरीच्याच हाताखाली अ‍ॅनिमेटर होता. पुढे एव्हरी एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओत गेला आणि जोन्स वॉर्नरमध्येच दिग्दर्शक झाला. दोघांची कार्टूनं साधारण सात मिनिटांची, पाठलागाची, आणि गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारी.

तरीही ते दार आणि तो बोगदा हे दोन वेगळे विनोद आहेत.

दाराच्या विनोदाला तयारी लागत नाही. लांडग्याने दार काढलं, ते उघडलं, संपलं. कागदावर काढलेल्या जगात काढलेलं दार का उघडू नये? एव्हरीच्या दुनियेत अशक्य गोष्टींची मुभा सगळ्यांनाच असते. १९४३च्या 'डम-हाउंडेड'मध्ये तर लांडगा इतक्या वेगाने वळतो की घसरत फिल्मच्या कडेबाहेर, पट्टीच्या भोकांच्याही पलीकडे जातो आणि परत येतो.

बोगद्याच्या विनोदाला मात्र आधी नियम लागतो: रंग म्हणजे रंग आणि खडक म्हणजे खडक. तो नियम रोडरनरसाठी मोडतो आणि कोयोटीला तंतोतंत लागू होतो. पुढच्या चौघांनी सिग्नल तोडला आणि पावती आपल्याच नावाने फाटली, असा हा प्रकार. शिवाय कोयोटी मूर्ख नाही. रोडरनर आरपार गेलेला त्याने डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे तिथे वाट असलीच पाहिजे. त्याचा तर्क बिनचूक आहे. आपटतो तो त्या तर्कामुळेच, आणि हसू येतं ते त्यालाच. म्हणून हा प्रसंग पुन्हा पाहताना आपटण्याकडे फार लक्ष देऊ नका. रोडरनर गेल्यानंतर आणि कोयोटी धावण्याआधी जे होतं ते पाहा.

फरक सर्वात ठळक दिसतो तो पात्रं हादरतात तेव्हा. एव्हरीचा लांडगा पळून जाईल तिथे त्याच्या मागावरचा ड्रूपी हा छोटा कुत्रा आधीच हजर असतो. लांडगा सिंहाच्या तोंडात शिरला तर आत ड्रूपी, सिनेमा बघायला बसला तर पडद्यावर ड्रूपी. चेहरा बदलायला प्लास्टिक सर्जनकडे गेला, तर आरशात ड्रूपीचाच चेहरा! दर वेळी लांडग्याचे डोळे खोबणीतून बाहेर उडतात, जबडा खाली आदळतो, आणि प्रत्येक धक्क्याची तऱ्हा निराळी. इथे व्हिडिओ थांबवत एकेक फ्रेम पाहावी. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यामुळे काही चित्रं नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाहीत, पण ती काढताना कुणी कुचराई केलेली नाही. आणि या सगळ्या थयथयाटासमोर ड्रूपीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. दोघेही किंचाळले असते तर विनोद निम्मा उरला असता.

जोन्सचा विनोद याच्या उलट आकसतो. कड्याबाहेर आलेला कोयोटी लगेच पडत नाही. आधी तो पायाने हवा चाचपतो. कान लोंबतात, नजर आपल्याकडे वळते, कधी हातात एखादी पाटी येते, आणि मग तो जातो. खाली दूरवर धुळीचा एवढासा ठिपका. हे फ्रेम थांबवून पाहण्यात अर्थ नाही, कारण विनोद चित्रात कमी आणि थांबण्यात जास्त आहे. जोन्सने या मालिकेचे म्हणून जे नियम पुढे छापले, त्यांत कोयोटीचा सर्वात मोठा शत्रू शक्यतो गुरुत्वाकर्षणच असावा, असा एक आहे. त्याला इजेपेक्षा अपमान जास्त व्हावा, असाही एक आहे. नियमांची यादी करणं हेच मुळी जोन्सचं काम; एव्हरीच्या कार्टूनांना अशी यादी फार काळ मानवली नसती.

अर्थात ही विभागणी चोख नाही. १९५३च्या 'डक अमक'मध्ये जोन्स स्वतः पार्श्वभूमी पुसतो, डॅफी या बदकाचा आवाज बदलतो, फिल्मची चौकटच मोडतो. वरवर पाहता हा अगदी एव्हरीचा खेळ. पण तिथेही छळ एकट्या डॅफीचाच होतो आणि त्याचा संताप आपल्याला टप्प्याटप्प्याने वाढताना दिसतो.

शेवट करण्याची रीतही निराळी. एव्हरीच्या १९४७च्या 'किंग-साइज कॅनरी'मध्ये झाडं वाढवायचं औषध पिऊन मांजर आणि उंदीर इतके मोठे होतात की अखेर पृथ्वीच्या गोळ्यावर कसेबसे उभे राहतात. मग आपल्याकडे वळून औषध संपल्यामुळे कार्टून इथेच थांबवावं लागत असल्याचं सांगतात. कोयोटीचं सामान मात्र कधीच संपत नाही, अ‍ॅक्मे या काल्पनिक कंपनीचा पुढचा खोका येतच असतो.