मनवणे

मनवणे (वऱ्हाडीत ‘मनवनं’) : रुसलेल्या, अडून बसलेल्या किंवा मनातून तयार नसलेल्या माणसाला गोडीने, पुन्हापुन्हा बोलून राजी करणे. विदर्भाच्या खेड्यांत ‘मानणे’ आणि ‘मनवणे’ जोडीने चालतात. एकजण मनवतो, दुसरा मानतो, म्हणजे कबूल होतो. ‘थो मानत नाही’ याचा अर्थ तो आदर देत नाही असा नव्हे. तो अजून तयार नाही, एवढाच.

पटवताना कारणे द्यावी लागतात, गळ घालताना भिडेचा उपयोग होतो, फुसलावण्यात कपट असते. विनवणे हा जुना शब्द संस्कृत ‘विज्ञापय्’वरून आला, त्यात सांगणारा लहान आणि ऐकणारा थोर असतो. मनवण्यात अशी पायरी नाही. आजी ताटावरून उठलेल्या नातवाला मनवते, धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणानंतर धाकटा भाऊ थोरल्याला मनवायला जातो, लग्नात रुसलेल्या पाहुण्याला अर्धा मांडव मनवतो.

वऱ्हाडी बोलीचे व्याकरणही या कामाला धावून येते. ‘ये’, ‘जेव’ ही सरळ आज्ञा. ‘येजो’, ‘जेवजो’ म्हटले की आज्ञेची धार जाते आणि ऐकणाऱ्याला थोडा वेळ मिळतो. मोठ्या माणसाला ‘येजा’ म्हणतात. ‘आता नको जेवू, मंग उलसक (थोडेसे) खाऊन घेजो माय’ असे आई रुसलेल्या लेकीला म्हणते. लेकीलाच ‘माय’ म्हणणे ही इथली खरी लाडीगोडी. ताट मात्र झाकून ठेवलेले असते, आणि घटकाभराने आई पुन्हा विचारते.

सार्वजनिक जीवनातही ही रीत दिसते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत. कर्ज काढून सण का करायचा, देवाला बोकड का लागतो, याचे उत्तर समोरच्या माणसाच्या तोंडून येईपर्यंत ते विचारत राहत. वर्ध्याजवळच्या पवनारचे विनोबा भावे यांची भूदान यात्रा १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला सुरू झाली. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि त्याचा वाटा द्या, असे ते जमीनमालकांना म्हणत आणि पुढच्या गावाला चालू लागत.

या शब्दाचा एक वापर मात्र खटकतो. सासरी त्रास होतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीला चार नातेवाईक घेरतात, दिवसभर बोलतात आणि संध्याकाळी ‘पोरगी मानली’ असे सांगतात. तिला ‘नाही’ म्हणायची मोकळीक नव्हती, म्हणून त्याला मनवणे म्हणता येत नाही. त्यासाठी मराठीत ‘भरीस पाडणे’ आहे, आणि त्याहून कडक ‘भाग पाडणे’.

बोलण्यात हे क्रियापद बहुधा दुहेरी येते : ‘मनवू मनवू थकलो, पन मानलाच नाही.’ असे म्हणणारा बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभा असतो.