स्वीकार ही शेवटची पायरी?

आजारपण पचवायच्या पाच पायऱ्या असतात, हे इतकं ऐकलंय की शास्त्रच वाटावं. आधी नकार, मग राग, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. वर पोचलं की सुटलो!

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी शिकागोत मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून १९६९ साली एका पुस्तकात हे मांडलं. संधिवात घेऊन वीस वर्षं जगणाऱ्यांबद्दल ते नव्हतंच. शिवाय या अवस्था एकमेकींसोबतही नांदतात, हे त्यांनी त्याच पुस्तकात लिहिलंय. ते कुणी वाचलं नाही, यादी मात्र पाठ झाली. १९९५ साली त्यांनाच पक्षाघात झाला, आणि त्यानंतरच्या मुलाखतींतून त्या उघड चिडायच्या. २००४ मध्ये त्या गेल्या.

आमच्या आईचंच बघा. सकाळी काठी टेकत खुशाल दूध आणते. दुपारी लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही, की स्वतःच्या बोटांना शिव्या. संध्याकाळी तीच बोटं सावकाश मेथी निवडतात. परवा एका पाहुण्यांनी विचारलं, "आता मनानं स्वीकारलंत ना?" ती म्हणाली, "सकाळी स्वीकारलं होतं. आधी ती बरणी उघडून द्या."