वेदना : संवेदन व शमन

ऊतकांना झालेल्या किंवा होऊ घातलेल्या इजेशी निगडित, अथवा तशा इजेसारखा वाटणारा अप्रिय अनुभव म्हणजे वेदना. तो संवेदनेचा असतो तसाच भावनेचाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेची १९७९ मधील व्याख्या दुखण्याच्या वर्णनाचा आधार घेई. तान्ही मुले व वाचा गेलेले रुग्ण तीत नीट बसत नसत, म्हणून २०२० मध्ये ती सुधारण्यात आली.

इजेची वर्दी आणि वेदना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या त्वचेला छेद दिला, तर मज्जातंतूंतून वर्दी जातेच; त्याला दुखत मात्र नाही.

ग्राही : ही वर्दी देणारी मज्जातंतूंची मोकळी टोके त्वचा, स्नायू, सांधे, अस्थिवेष्टन व बहुतेक आंतरेंद्रियांत असतात. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ च्या सुमारास त्यांना ‘नोसिसेप्टर’, म्हणजे इजाग्राही, असे नाव दिले. खुद्द मेंदूच्या ऊतकात ती नाहीत, म्हणूनच रुग्ण जागा असतानाही मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते. या टोकांवरील टीआरपीव्ही-१ हे प्रथिन साधारण ४३° से. तापमानाला उघडते, मिरचीतील कॅप्सायसिनही तेच प्रथिन उघडते. मिरचीने तोंड ‘भाजते’ हे बोलणे शरीरक्रियेच्या दृष्टीने अचूक आहे. हे प्रथिन डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळखले; ज्यूलियस व आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दाह झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिने, ब्रॅडिकायनिन यांसारखी द्रव्ये ग्राहींचा उंबरठा, म्हणजे उद्दीपित होण्याची किमान पातळी, खाली आणतात. उन्हाने होरपळलेल्या खांद्यावर कोमट पाणीही चटका देते ते यामुळेच.

तंतू व मार्ग : पायाचा अंगठा दगडावर आपटला की आधी सणक जाते आणि सुमारे सेकंदाने ठणका सुरू होतो. या दोन वेदना दोन प्रकारच्या तंतूंनी येतात. मायेलिन या मेदयुक्त द्रव्याचे पातळ आवरण असलेले ए-डेल्टा तंतू सेकंदाला ५ ते ३० मी. वेगाने, तर आवरण नसलेले सी-तंतू ०.५ ते २ मी. वेगाने संदेश नेतात. दोन्ही मेरुरज्जूच्या पश्चशृंगात, म्हणजे त्याच्या करड्या भागाच्या मागील टोकात, पोचतात. तेथे ग्लुटामेट व ‘पदार्थ पी’ या संदेशवाहक रसायनांद्वारे संदेश पुढच्या कोशिकांकडे जातो, बहुतांशी विरुद्ध बाजूला ओलांडतो आणि मेंदूच्या आत असलेल्या थॅलॅमस या भागामार्गे मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरील थरात, पसरतो. कुठे व किती दुखते हे एका भागात ठरते, ते किती असह्य वाटते हे दुसऱ्याच भागांत. वेदनेचे असे एकच केंद्र सापडलेले नाही. हृदयाकडून व डाव्या हाताकडून येणारे तंतू मेरुरज्जूच्या त्याच खंडांत मिळतात, म्हणून हृदयविकारात हातात कळ येते.

उपपत्ती : देकार्त यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात (फ्रेंच आवृत्ती १६६४) आगीजवळचा पाय व तेथून मेंदूपर्यंत गेलेला धागा दाखवला आहे, दोरी ओढली की घंटा वाजावी, तसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माक्स फॉन फ्राय यांनी वेदनेचे स्वतंत्र ग्राही मानले, तर आल्फ्रेट गोल्डशाइडर यांनी साध्याच उद्दीपनांच्या साचण्यातून वेदना उपजते असे मांडले. हा वाद बराच काळ रेंगाळला. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये ‘द्वार-नियंत्रण’ उपपत्ती मांडली : पश्चशृंगात जणू एक दार असून स्पर्शाचे जाड तंतू ते लोटतात, इजेचे बारीक तंतू ते उघडतात, आणि मेंदूही वरून त्यावर हात ठेवून असतो. आपटलेली जागा आपण चोळतो आणि बरे वाटते, याचा उलगडा तीत होतो. त्यांनी रेखाटलेले कोशिकांचे जोडकाम पुढे जसेच्या तसे टिकले नाही आणि विशिष्ट इजाग्राही आहेत हे फॉन फ्राय यांच्या बाजूचे म्हणणे खरे ठरले. तरीही मेरुरज्जू संदेश नुसता पुढे ढकलत नाही, तो कमीजास्त करतो, हा गाभा आज सर्वमान्य आहे आणि उपचारांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा.

वरून येणाऱ्या नियंत्रणाचा पुरावा लवकरच मिळाला. डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी १९६९ मध्ये मध्यमेंदूच्या एका भागाला विद्युत उद्दीपन देऊन उंदरांवर भुलीविना शस्त्रक्रिया केली. १९७५ मध्ये मेंदूतील एन्केफॅलिने, म्हणजे शरीर स्वतः तयार करते ती अफूसारखी द्रव्ये, सापडली. दात काढलेल्या रुग्णांना नुसत्या विश्वासाने मिळणारा आराम नॅलोक्झोन हे अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर मावळतो, असे १९७८ मध्ये दिसले. हा आराम मनाचा खेळ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. त्यामागे शरीराचे स्वतःचे रसायन आहे.

शमन : अफूचा वापर अतिप्राचीन आहे. तिच्यापासून मॉर्फीन वेगळे केल्याचे श्रेय फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर यांना दिले जाते. वर्ष १८०३ ते १८०६ दरम्यान वेगवेगळे सांगतात. १८०५ च्या सुमारास हे काम झाले असावे. सविस्तर निबंध मात्र १८१७ चा. ॲस्पिरिनबाबतही मतभेद आहेत. ॲसिटिलसॅलिसिलिक अम्ल १८५३ मध्ये झेरार यांनी अशुद्ध रूपात बनवले होते. १८९७ मधील शुद्ध रूपाचे श्रेय फेलिक्स होफमान यांना देण्याची प्रथा आहे. काम आर्टुर आयखेनग्र्युन यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, हा दावाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. पॅरासिटामॉल मात्रेत सुरक्षित असले तरी जादा मात्रेने यकृत निकामी होऊ शकते. स्थानिक भुलीची औषधे तंतूंतील सोडियम-वाहिन्या, म्हणजे सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारे, बंद करतात. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर केला, तेथून त्यांचा इतिहास सुरू होतो.

नवजात अर्भकांना फारसे दुखत नाही, या समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर जवळजवळ वेदनाशमनाविना शस्त्रक्रिया होत. वैद्यकाच्या इतिहासातील हे पान वाचवत नाही. १९८७ मध्ये आनंद व हिकी यांच्या निबंधाने या समजुतीला मोठा धक्का दिला.

तीन महिन्यांहून अधिक टिकणारे दुखणे दीर्घकालीन मानतात. त्यात मेरुरज्जूच अतिसंवेदनशील झालेला असू शकतो, त्यामुळे मूळ जखम भरल्यावरही हलका स्पर्श झोंबतो. तपासण्या निर्दोष आल्या म्हणून रुग्ण खोटे बोलतो असे ठरत नाही. अशा वेळी काही नैराश्यरोधी औषधे, गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषध, क्रमाने वाढवलेला व्यायाम व मानसोपचार यांचा मेळ घालतात. ॲक्युपंक्चरच्या उपयोगाबद्दल एकमत नाही.

जन्मतः वेदना न जाणवणारी मुले जीभ चावून घेतात, भाजल्याचे त्यांना कळत नाही, सांधे झिजत जातात. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत २००६ मध्ये याचे कारण सापडले : एससीएन९ए या जनुकातील दोषामुळे एनएव्ही१.७ ही सोडियम-वाहिनी निकामी झालेली होती. ती रोखणाऱ्या औषधांना आजवर अपेक्षित यश आलेले नाही. तिच्या जवळच्या एनएव्ही१.८ वाहिनीला रोखणारे सुझेट्रिजीन मात्र जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या अल्पकालीन वेदनेसाठी मंजूर झाले.