किरणोत्सारी पदार्थांची रस्ते वाहतूक

किरणोत्सारी पदार्थ सार्वजनिक रस्त्याने नेताना चालक, वाटेवरची माणसे आणि परिसर यांना किरणोत्सर्गाची बाधा होऊ नये म्हणून आखलेली नियमव्यवस्था. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत हा माल सातव्या वर्गात मोडतो. असा माल म्हटले की अणुभट्टीचे इंधनच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात बहुतेक खेपा रुग्णालयांच्या आणि कारखान्यांच्या असतात : निदानासाठी लागणारे मॉलिब्डेनम-९९, वेल्डिंगचे जोड तपासणारे इरिडियम-१९२ चे ‘कॅमेरे’, किंवा लासलगावच्या कांदा-विकिरण केंद्रासारख्या ठिकाणी वापरला जाणारा कोबाल्ट-६०.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९६१ मध्ये याविषयीचे पहिले नियम काढले. बहुतेक देशांचे नियम त्यांवरच बेतलेले आहेत. भारतात हे काम १९८३ मध्ये स्थापन झालेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आणि मंडळाची २०१६ ची वाहतूक सुरक्षा संहिता हा त्याचा आधार. वाहन आणि चालकाच्या प्रशिक्षणाच्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये येतात.

या व्यवस्थेची सारी भिस्त पेटीवर आहे. ब्रेक निकामी होतील, ट्रक घाटात उलटेल, आग लागेल हे नियम गृहीतच धरतात. म्हणून मुख्य जबाबदारी चालकाची नसून माल पाठवणाऱ्याची असते. आत किती किरणोत्सार आहे त्यावर पेटीचा प्रकार ठरतो. मॉलिब्डेनमचे संच साधारणपणे ‘ए’ प्रकारच्या पेटीतून जातात. तिने पाऊस, हाताळणीतली आदळआपट, वर रचलेल्या मालाचे वजन एवढे सोसले की पुरते. इरिडियमच्या बंद कुपीसाठी ‘ए’ पेटीची मर्यादा १ टेराबेकरेल (बेकरेल हे पदार्थ किती किरणोत्सारी आहे ते मोजण्याचे एकक) आहे. कॅमेऱ्यात बऱ्याचदा त्याच्या तिप्पट-चौपट भरलेले असते, तेव्हा तिथे ‘बी’ प्रकार लागतो.

‘बी’ पेटीची परीक्षा कठोर असते. न दबणाऱ्या पृष्ठभागावर ती ९ मीटरवरून पाडतात, पोलादी दांड्यावर १ मीटरवरून आदळतात आणि मग तीच, मार खाल्लेली पेटी ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवतात. दर वेळी नवी पेटी घेतली असती तर या परीक्षेला फारसा अर्थ उरला नसता. एवढे झाल्यावरही पेटीपासून १ मीटरवर किरणोत्सर्गाची मात्रा ताशी १० मिलिसिव्हर्टच्या (सिव्हर्ट हे शरीराला बसणाऱ्या मात्रेचे एकक) वर जाता कामा नये.

पेटीवर तीनपैकी एक लेबल असते : पांढरे-१, पिवळे-२ किंवा पिवळे-३. पिवळ्या लेबलांवर ‘वाहतूक निर्देशांक’ लिहितात. १ मीटरवरच्या ताशी मिलिसिव्हर्टला १०० ने गुणले की तो मिळतो. निर्देशांक १ असेल तर त्या अंतरावर ताशी ०.०१ मिलिसिव्हर्ट. नेहमीच्या मालासोबत जाणाऱ्या अशा पेट्यांच्या निर्देशांकांची बेरीज एका वाहनात सहसा ५० च्या वर चालत नाही. वाहनाच्या बाहेरील पृष्ठभागावर ताशी २ आणि २ मीटर अंतरावर ताशी ०.१ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. अपघात झाल्यास काय करायचे हे सांगणारे ‘ट्रेम कार्ड’ चालकाजवळ असावे लागते.

पेटीच कच्ची निघाली तर काय होते, हे जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात दिसले. न्यूमनजवळच्या एका खाणीतून पर्थला निघालेल्या मोजणी-उपकरणातून ६ मिलिमीटर व्यासाची, ८ मिलिमीटर लांबीची सीझियम-१३७ ची कुपी वाटेत पडली. हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊन निखळला आणि त्याच्या भोकातून ती बाहेर पडली, असा अंदाज होता. उपकरण पर्थला पोहोचल्यानंतर काही दिवसांनी ते उघडले, तोवर कोणाला पत्ताच नव्हता. सुमारे १,४०० किलोमीटरचा मार्ग शोधावा लागला. १ फेब्रुवारीला, ताशी ७० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतल्या शोधयंत्राने ती न्यूमनच्या दक्षिणेला, रस्त्यापासून २ मीटरवर हेरली. त्या वेळी तिथल्या कायद्यात अशा हलगर्जीला कमाल दंड १,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होता, आणि गुन्हा चालू राहिल्यास वर दिवसाला ५० डॉलर.